समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला

आम्हा नागपूरकरांचं आणि समुद्राचं नातं म्हणजे लांबच्या आत्याबाईंसारखं. कधीतरी लग्नाकार्यात भेट, बाकी नुसत्या गप्पा. आमच्याकडे पाणी म्हटलं की फुटाळा, नाहीतर अंबाझरी! त्यामुळे ऑफिसमधल्या एकानं नीस ते मोनॅको ड्राइव्हचे फोटो दाखवून सॉलिड जळवलं, तेव्हाच ठरवलं. फ्रान्स राहू दे, आपण कोकण करू. तेही स्वतःच्या गाडीनं.

'स्वतःच्या' म्हणजे अर्थात बाबांच्या. फियाटपासून आजच्या गाडीपर्यंत, पस्तीस वर्षं स्टिअरिंग हा त्यांचा प्रांत. मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं, पण ते गाडीत असले की मी मागच्या सीटवर. समृद्धी महामार्गावरसुद्धा त्यांनी मला जेमतेम तासभर गाडी दिली. 'तू आराम कर,' म्हणे. मीही केला. त्या सरळसोट रस्त्यावर कोणाला काय कळणार होतं?

तिसऱ्या दिवशीचा बेत होता दापोली ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्यानं. मध्ये दोन खाड्या. दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, दोन्हीकडे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. दाभोळची बोट २००३मध्ये सुरू झाली. नाहीतर समोर दिसणाऱ्या काठावर जायला चिपळूणचा वळसा! नाश्त्याला घावन आले. बाबांनी पोऱ्याला 'तर्री आहे का?' असं विचारून घेतलं. असो.

दापोली सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर आंब्याची सावली, दर शंभर पावलांवर वळण. एका वळणावर डावीकडच्या पाखाडीतून बाईकवाला बाहेर आला. मला दिसला, आईला दिसला. बाबांना नाही. आई ओरडली तेव्हा कुठे ब्रेक लागला. बाईकवाला काहीतरी पुटपुटत निघून गेला. पुढच्याच वळणावर डावा आरसा गडग्याला घासला, चर्रर्र...

'रस्तेच असे आहेत,' बाबा म्हणाले. आम्ही दोघी गप्प. आमच्या घरात बाबांच्या ड्रायव्हिंगवर बोलायची पद्धतच नाही.

दाभोळच्या जेटीवर बोटीवरच्या माणसानं गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगितलं. मागे लोखंडी फळी, बाजूला पाणी. बाबांनी रिव्हर्स टाकला, डाव्या आरशात पाहिलं, मान पूर्ण वळवून पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. मागून हॉर्न सुरू झाले. मग त्यांनी हँडब्रेक ओढला आणि उतरले.

'तू लाव.'

बस, एवढंच. एरवी मी पार्किंग करताना 'थोडी डावी, अजून, बस बस' अशी कॉमेंटरी करणारा हा माणूस. त्या दिवशी पाठ फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला. माझे हात थरथरत होते, पण लागली एकदाची.

खाडी ओलांडायला दहाएक मिनिटं लागतात. पलीकडे एन्रॉनमुळे गाजलेल्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या. नाव दाभोळचं, प्रकल्प मात्र गुहागरच्या बाजूला! मी हे सांगत होते, तोच बाबा म्हणाले, 'चार-सहा महिने झाले. सीताबर्डीत चालताना माणसं एकदम बाजूनं उगवून राहिली. वाटलं, मोतीबिंदू असेल.'

'बाबा, मग सांगितलं काहून नाही तुम्ही?'

'सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असती.'

खरं होतं. मी काढून घेतलीच असती, वर लेक्चरही दिलं असतं.

(परतल्यावर तपासणी झाली. काचबिंदू. दुखत-खुपत नाही, नजर कडेकडेनं जात राहते आणि समोरचं नीट दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज ड्रॉप्स. चाळिशीच्या पुढचं कोणी घरात असेल तर प्लीज, नुसता चष्म्याचा नंबर काढून थांबू नका, डोळ्याचं प्रेशरही बघून घ्या.)

पुढे गाडी माझ्याकडे. गुहागरच्या सुरूच्या बनात थोडा वेळ थांबलो. हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन झालं, पण ओहोटी असल्यामुळे बामणघळीतला पाण्याचा फवारा काही दिसला नाही. बाबा डावीकडच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत होते. तवसाळला मी रिव्हर्स एका दमात घेतला. त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत. जेवताना सोलकढी मात्र दोन वाट्या मागितली.

गणपतीपुळे मागे टाकून आरे-वारेच्या चढावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोंगराच्या कुशीतून रस्ता आणि खाली पांढऱ्या वाळूचे दोन लांबलचक पट्टे. नीसवाल्याला फोटो पाठवायलाच हवा होता, पण मी स्टिअरिंग सोडू शकत नव्हते. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला येतो. हा सगळा रूट बाबांनीच आखला होता, नकाशावर पेन्सिलीनं. तो असा का आखला, ते मला तिथे कळलं.

वर गाडी बाजूला घेतली. ते उतरले नाहीत. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले, मान जरा जास्तच वळवून.

'उद्या याच रस्त्यानं परत जाऊ,' म्हणाले.

'आपलं तर कोल्हापूरचं बुकिंग आहे ना!'

'कॅन्सल कर. परतताना समुद्र माझ्या बाजूला राहील.'