तापाचं नाव काय?

पावसाळा लागला की आमच्या एकोडीत (ता. साकोली, जि. भंडारा, पुण्यातल्या मित्रांना दर वेळी नकाशात दाखवावं लागतं!) ताप घरटी पाहुणा असतो. रोवण्याचे दिवस, बांधीत तुंबलेलं पाणी, डासांचा हंगाम. ताप कशाचा ते मात्र लवकर कळत नाही. आमचे मोठे काका म्हणतात, "रिपोट येतवरी ताप उतरून जाते गा." दर वेळी उतरतोच असं नाही, ही खरी अडचण.

चांदीपुरा विषाणूचंच घ्या. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला, म्हणून हे नाव. वाळूमाशी चावून पसरतो, मुलांच्या मेंदूवर जातो. २००३ साली आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ गेली. बरीचशी एक-दोन दिवसांत. २००७ साली आमच्या नागपूर विभागातही साथ आली. असले नमुने तेव्हा पुण्याला एनआयव्हीत जायचे. गावापासून आठशेक किलोमीटर, बर्फात ठेवून. आता नागपुरात सोय झाली आहे, तरी साकोलीहून शंभर किलोमीटर आहेच.

म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरबद्दल काही दिसलं की मी वाचतो. मला सगळ्यात आवडलेला सेन्सर पवईचा आहे. २००९ साली आयआयटी मुंबईच्या साई, कुंडू आणि मुखर्जी यांनी ऑप्टिकल फायबर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवला आणि त्यावर सोन्याचे नॅनोकण बसवले. साधारणपणे फायबरमधला प्रकाश आतल्या आत आपटत पुढे जातो, पण भिंतीबाहेर शंभर-दोनशे नॅनोमीटर तो डोकावतोच. फायबर वाकवला की जास्त डोकावतो. सोन्याचे हे कण हिरवा प्रकाश शोषतात (म्हणून सोन्याचं द्रावण लालभडक दिसतं, आणि बऱ्याच रॅपिड टेस्टमधली लाल रेघही याच सोन्याची). कणांवर अँटिबॉडी चिकटवून ठेवायच्या. त्यांनी विषाणू पकडला की शोषण किंचित बदलतं. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डिटेक्टर. संपलं!

डेंग्यूचा विषाणू जेमतेम पन्नास नॅनोमीटरचा. म्हणजे भिंतीला चिकटलेलं तेवढं दिसणार, नमुन्यातला बाकीचा पसारा जवळजवळ दिसणारच नाही. प्रोग्रॅमर म्हणून मला हे फार भावलं. नको तो डेटा आत येऊच द्यायचा नाही. साई पुढे आयआयटी मद्रासला गेले आणि २०२० साली त्यांच्या गटाने कोरोनासाठीही अशाच फायबरची मांडणी प्रसिद्ध केली.

पण भिंतीला विषाणूच चिकटेल याची हमी काय? रक्तात प्रथिनांची गर्दी असते आणि त्यांना चिकटायला फार आवडतं. समजा, टेस्ट दोन्हीकडून ९५ टक्के बरोबर आहे आणि तापाच्या हजार रुग्णांत खरे चांदीपुराचे दहाच आहेत. ते नऊ-दहा सापडतील, पण उरलेल्या ९९० पैकी पन्नासेक जणांनाही टेस्ट "आहे" म्हणेल. पन्नास घरांत रडारड होणार! बातम्यांत "काही मिनिटांत निदान" असं छापून येतं तेव्हा हा हिशोब कुठेच नसतो.

शिवाय चांदीपुरावर खास औषध नाही. मग नाव कळून उपयोग काय? उपयोग आहे. एक तर वाळूमाशीसाठी फवारणी त्याच दिवशी सुरू करता येते. दुसरं म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ साली विदर्भात त्याची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतो, ताप तसाच, कधी तोही मेंदूपर्यंत जातो. पण तो विषाणू नव्हे, जिवाणू आहे, आणि साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, वेळेत दिलं तर. त्यामुळे माझ्या मते विषाणूंच्या सेन्सरमध्ये एक फायबर या जिवाणूसाठी राखून ठेवायला हवा. चांदीपुरा, डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब, एकाच थेंबात चार फायबर.

राहता राहिली गर्मी. सोन्याचं काही बिघडत नाही, बिघडतात त्या अँटिबॉडी. रॅपिड टेस्टच्या खोक्यावर बहुतेक वेळा २ ते ३० अंश असं छापलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि लाइट गेली की फ्रिजही बंद.