उदयनगर ते इंदूर : शेवटचा टप्पा

उदयनगर हे देवास जिल्ह्यातील, विंध्याच्या डोंगराळ मुलुखातले लहानसे गाव. तेथे सेवा करणाऱ्या सिस्टर राणी मारिया २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी इंदूरच्या बसमध्ये बसल्या. पुढे भोपाळ, आणि तेथून केरळातील आपले घर, असा त्यांचा बेत होता. त्या इंदुरास जिवंत पोहोचल्या नाहीत. त्यांची अपुरी राहिलेली वाट पायी पुरी करावी, असे आमच्या व आमच्या एका वसईकर स्नेह्यांच्या मनात बरेच दिवस होते. उपवासकाळात आम्ही तीन टप्पे ठरवून निघालो.

खरे सांगावयाचे तर आम्ही निव्वळ भक्तीपोटी निघालो नव्हतो. आमचा व आमच्या थोरल्या बंधूंचा वाडीच्या बांधावरून सहा वर्षे अबोला होता. दोघेही रविवारी एकाच मिस्साला जात असू. दादा उजवीकडच्या बाकावर, आम्ही डावीकडच्या. “एकदा त्या वाटेने चालून या,” एवढेच आमचे फादर म्हणाले होते.

उदयनगरच्या चर्चमध्ये, जेथे सिस्टरांचे चिरविश्रांतिस्थान आहे, तेथे प्रार्थना करून आम्ही पहिला टप्पा सुरू केला. डोंगरउतारावर पळस फुलला होता. सागाची वाळली पाने पायांखाली वाजत होती. एका पाड्यावरील वृद्धेने न मागता पाण्याचा लोटा पुढे केला आणि कोठून आलात, कोणाकडे निघालात, याची चौकशी केली. सिस्टर मूळच्या केरळातील पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२ साली त्या उदयनगरला आल्या. गरीब, भूमिहीन आदिवासींना संघटित करून त्यांनी बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. सावकारांचा जाच कमी होऊ लागला, तसे त्यांचे वैरी वाढू लागले.

टप्प्याच्या अखेरीस नाचनबोर टेकडी आली. येथेच सुपारी घेतलेल्या मारेकऱ्याने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर चोपन्न जखमा होत्या. बसमध्ये उतारू पुष्कळ होते. आडवे कोणी आले नाही. सिस्टरांचे वय तेव्हा अवघे एकेचाळीस वर्षांचे. तेथे उभे राहून आम्ही जपमाळ म्हटली. सभोवार इतकी शांतता होती की, येथे असे काही घडले हे मनास पटेना.

दुसऱ्या टप्प्यात डोंगर मागे पडले आणि माळव्याची काळी जमीन लागली. गहू पिवळा पडत होता. मुक्काम कंपेलला केला. आज साधेसे दिसणारे हे गाव एके काळी परगण्याचे ठाणे होते, आणि इंदूर हे त्याच परगण्यातील एक खेडे! सन १७२० च्या सुमारास ठाणे कंपेलहून इंदुरास गेले. पुढे होळकरांच्या अमदानीत इंदूर वाढत गेले, कंपेल मागे राहिले.

तिसरा टप्पा खुडैलवरून नेमावर रस्त्याने शहराकडे जाणारा. या टप्प्याविषयी सर्वांनी एकच सल्ला दिला : “आता बसने जा.” सल्ला वाजवी होता. सावली संपली, मालमोटारींचा धुरळा नाकातोंडात जाऊ लागला, बाह्यवळण ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला. पालद्याच्या कारखान्यांपासून पुढे तर आम्हांस कोणी काही विचारीनासे झाले. पाणीही विकत घ्यावे लागले. स्नेही थकून म्हणाले, “पाहण्याजोगे ते सारे मागे राहिले. आता कशाला चालायचे?”

त्यांना उत्तर देता देता आमचे आम्हांलाच उत्तर सापडले. सिस्टरांच्या धाकट्या भगिनी सेल्मी पॉल याही त्याच संघाच्या धर्मभगिनी. २००२ साली त्यांनी इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. पुढे त्यांच्या मातोश्रींनीही त्याचे हात चुंबिले. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल आमातो यांच्या हस्ते सिस्टरांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तोही त्या समुदायात उपस्थित होता. केरळापासून त्या तुरुंगापर्यंतचा प्रवास दूरचा खरा; परंतु तुरुंगाच्या दारापासून त्या माणसाच्या हातापर्यंतची चार पावले त्याहून लांबची असली पाहिजेत. ती बसने जाता येत नाहीत.

आम्ही चालत राहिलो. नवलखा चौक ओलांडून दिवेलागणीस लाल गिरजाघरात, म्हणजे संत फ्रान्सिसच्या कॅथेड्रलमध्ये, पोहोचलो. पायांना फोड आले होते. हिंदीतील मिस्सा चालू होता. शांतीची खूण देण्याच्या वेळी शेजारच्या अनोळखी वृद्धाने आमचे हात हाती घेतले. परक्याला हात देणे किती सोपे असते, हा विचार मनात आला आणि आमची मान खाली गेली.

घरी परतल्यावरचा पहिला रविवार उजाडला. चर्चच्या दारातून उजवीकडच्या बाकापर्यंत वीसेक पावले असतील. इंदूरच्या त्या टप्प्याहून ती आम्हांस जड गेली. आम्ही दादांच्या शेजारी उभे राहिलो. ते काही बोलले नाहीत. सरकून त्यांनी जागा करून दिली.