शून्य टाकून बघितलंस का?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. तसाही हा लेख चुकांबद्दलच आहे!

सेकंड इयरला मी मेसचं बिल काढणारा प्रोग्राम लिहिला. ३० दिवस टाकले, बिल बरोबर. २५ टाकले, तेही बरोबर. मी कॉलर ताठ केली. रूममेट म्हणाला, "शून्य टाकून बघितलंस का?" मी म्हटलं, "शून्य दिवस कोण जेवतं?"

वडील आजारी म्हणून एक ज्युनियर महिनाभर गावी होता. माझ्या प्रोग्रामच्या लेखी शून्य म्हणजे 'माहिती भरलीच नाही', म्हणून त्याला पूर्ण महिन्याचं बिल लागलं. बिचाऱ्याने उसने घेऊन ते भरलं. पैसे नंतर परत मिळाले, पण त्याचा चेहरा मी विसरलो नाही.

४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट जेमतेम ४० सेकंदांत फुटलं. कोड एरियन ४ चा, तिथे बिनचूक चाललेला. नव्या रॉकेटच्या मार्गावर तो तपासलाच नव्हता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही.

मित्रांनो, चांगला टेस्टर उगाच खोड्या काढत नाही. तो सीमेवरचे आकडे टाकतो: शून्य, एक, ३१, उणे एक. चूक पुन्हा कशी घडवायची ते पायरीपायरीने लिहितो. दुरुस्तीनंतर जुन्या टेस्टही परत चालवतो. आपल्या कोडवर आपली माया असते, म्हणून तपासायला दुसराच हवा.

हा लेखही रूममेटने तपासलाय. सात चुका निघाल्या. आठवी सापडली तर रूमवर या, चहा माझ्याकडून!