अराफ, म्हणजे हळू

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो. मेहुणे तिथल्या एका पदभ्रमण क्लबचे सभासद. क्लबची दोन दिवसांची सहल उत्तर वेल्सच्या डोंगरांत निघाली, तेव्हा मला आणि अकरा वर्षांच्या भाच्यालाही सोबत घेतलं.

वेल्समध्ये शिरताच पाट्या बदलल्या. आधी वेल्श, खाली इंग्रजी. वळणावळणावर रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं. उर्दूच्या मास्तरला कुरआनातली 'अल-आराफ' ही सुरह आठवणारच. तिथे त्या शब्दाचा अर्थ उंचवटे. वेल्शमध्ये मात्र अर्थ साधा, 'हळू'. उच्चारही 'अराव'. डोंगर चढणाऱ्याला दोन्ही अर्थ चालतात.

पहिल्या दिवशी इडवाल तळ्याभोवती फिरलो. दुसऱ्या दिवशी स्नोडन. आपल्या कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटरनं बुटका, १०८५ मीटर, पण वारा असा की कळसूबाईची आठवण ऊबदार वाटावी. तांब्याच्या जुन्या खाणींवरून जाणाऱ्या वाटेनं चढलो. धापा टाकत वर पोचावं, तर १८९६ पासून धावणाऱ्या छोट्या आगगाडीनं आलेली मंडळी चहा पीत बसलेली!

उतरताना तळ्याकाठी जोहरची वेळ झाली. पाणी इतकं गार की वुजू करताना बोटं बधिर झाली. आपल्याकडे जन्मभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलो. तिथं किबला आग्नेयेला. मी आणि मेहुणे प्रवासातल्या दोन रकाती पढेपर्यंत बाकीचे डबे उघडून थांबले. कुणी काही विचारलं नाही. त्याचं बरं वाटलं.

आमचे वाटाडे निवृत्त शिक्षक, मूळचे तिथल्याच खेड्यातले. त्यांनी सांगितलं, एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या गळ्यात असेल, त्या पोराला मार. पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची!

ती भाषा तरीही उरली. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १८ टक्क्यांहून कमी निघाले. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय उद्यानानं स्नोडनला त्याच्या जुन्या नावानं, 'अर विद्वा' म्हणूनच हाक मारायचं ठरवलं.

माझ्या मनात माझा वर्ग होता. आमच्या पोरांच्या गळ्यात कुणी पट्टी घालत नाही. आईबापच दाखला काढून इंग्रजी शाळेत नेतात, आणि त्यांची काळजी मला कळते. "सर, उर्दूनं नोकरी लागेल का?" या प्रश्नाला बीएडच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. आणि बाहेर कुणी भेटलं की, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" माझ्या दोन भाषांपैकी एक निरुपयोगी, दुसरी उसनी, असं लोकांनीच ठरवून टाकलेलं.

वाटाड्यांनी उतरताना भाच्याला मेंढीसाठी वेल्श शब्द शिकवला, 'दावाद'. तो बराच वेळ घोकत चालला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मामू, आपल्या भाषेत काय म्हणतात?"

मी विचारलं, "कुठल्या?"

"दोन्ही सांगा."

मेंढी. भेड. गाडीतळापर्यंत मेंढ्या पुष्कळ होत्या.