पहाट नसलेले नगर

वेताळ मराठी मनाला परका नाही. गावकुसाबाहेरचे त्याचे ठाणे, शेंदूर माखलेला दगड आणि विक्रमाच्या खांद्यावरून बोलणारे ते प्रेत, हे सारे आपण अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकलेले असते. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळासाठी त्याने व्हॅम्पायर हा शब्द योजला. वास्तविक दोघांत अंतर आहे. व्हॅम्पायर रक्त पितो. आपला वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. ज्या खेळाविषयी मी लिहीत आहे, त्यात मात्र या दोहोंची गाठ पडलेली दिसते.

‘व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’ हा संगणकावरचा खेळ १६ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाला. तो घडविणाऱ्या संस्थेचे नाव ट्रॉयका. तिघांनी स्थापन केली म्हणून तिला हे रशियन नाव. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या आमच्या भिलाईत अशा शब्दांचे नवल नाही. १९५९ साली येथली पहिली झोतभट्टी पेटली. ट्रॉयका मात्र हा खेळ प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, २००५ साली बंद पडली. खेळ अपुरा, दोषांसह मागे राहिला. पुढे वेर्नर श्पाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कोणी सांगितले नसताना वर्षानुवर्षे त्याची डागडुजी केली. म्हणून नवख्याला माझे पहिले सांगणे हेच, की ती डागडुजी आधी संगणकावर बसवून घ्यावी, आणि तीही साधी. भर घातलेली आवृत्ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवावी.

माझा मुलगा लॉस एंजेलिसला असतो. त्याच्या जुन्या संगणकात हा खेळ राहून गेला होता. कारखान्यातील रात्रपाळ्यांनी माझी झोप कायमची विस्कटून टाकलेली. सेवानिवृत्तीनंतरही रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे असत. क्षितिजावर वितळलेली मळी ओतली गेली की खिडकी क्षणभर तांबूस होते आणि पुन्हा काळोख. अशा रात्री मी हा खेळ शिकलो. आता वसाहतीतली तरुण मुले ‘काका, आरंभ कसा करू?’ म्हणून विचारतात, तेव्हा जे सांगतो ते असे.

आरंभी सात कुळांतून एक निवडावे लागते. पहिल्या वेळी ब्रूहा किंवा टोरेडोर घ्यावे. नॉस्फेराटू इतका कुरूप, की त्याला चारचौघांत दिसण्याची सोय नाही. त्याची सारी ये-जा गटारांतून. माल्केव्हियन भ्रमिष्ट, त्याची वाक्ये कथा ठाऊक असलेल्यालाच उमगतात. व्हेन्ट्रू खानदानी, त्याला उंदरांच्या रक्ताचे वावडे. इतरांची मात्र अडल्या वेळी उंदरांवर भागते. रक्ताचा साठा तळाला जाऊ देऊ नये, कारण तहान अनावर झाली की आतला पशू सुटतो आणि मग हात आपले राहत नाहीत. माणसाचे रक्त प्यावे लागलेच, तर त्याच्या प्राणावर बेतण्यापूर्वी थांबावे. निरपराध मेला की माणुसकीचा आकडा उतरतो, आणि तो शून्यावर आला की खेळ संपतो. चारचौघांदेखत सोंग पाच वेळा उघडे पडले, तरीही संपतो.

अनुभवाचे गुण येथे मुडदे मोजून मिळत नाहीत, काम तडीस नेल्याबद्दल मिळतात. ते बोलून साधले काय, लपून साधले काय, हिशेब सारखाच. म्हणून आरंभी संभाषणाच्या आणि कुलपे उघडण्याच्या कसबावर गुण खर्चावेत. परंतु उत्तरार्धात, विशेषतः हॉलिवूडखालच्या गटारांत, शब्द चालत नाहीत. तेथवर एखादे तरी शस्त्र अंगवळणी पडलेले असावे. सांता मोनिकातील जळक्या हॉटेलात मात्र शस्त्र शोधूच नये. तेथे लढायला कोणी नाही. एका उद्ध्वस्त कुटुंबाचे कागद विखुरलेले आहेत, ते वाचीत जावे. व्हॅम्पायरने भुताला भ्यावे, हा त्या रात्रीचा विनोद खराच. पण वाचून संपल्यावर हसू येत नाही.

या खेळात पहाट होत नाही. कितीही वेळ हिंडावे, रात्र सरत नाही. ज्या सांता मोनिकाच्या रस्त्यांवरून मी असा हिंडत असे, तेथून माझा मुलगा दिवसाउजेडी जातो. येथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिथे सकाळ असते, आणि त्याचा दूरध्वनी येतो. ‘बाबा, बरे आहात ना?’ ‘बरा आहे. तू?’ ‘मीही मजेत.’ अनेक वर्षे आम्ही दोघांनी हे सोंग चोख सांभाळले. एकदाही उघडे पडू दिले नाही. त्याची आई गेल्यानंतर तर अधिकच.

खेळातल्या संवादात चार-पाच वाक्ये समोर मांडलेली असतात. ज्याने त्या कसबावर गुण खर्चलेले नाहीत, त्याला काही वाक्ये दिसतच नाहीत. ती यादी पाहता पाहता जाणवले, की आमच्या यादीत दोनच वाक्ये उरली होती. एका रात्री मी त्याला विचारले, ‘समुद्रकाठचा तो लाकडी धक्का खरेच तेवढा लांब आहे का रे?’ तो थबकला. ‘तुम्हाला कसे ठाऊक?’ मी खेळाचे सांगितले, झोप येत नाही हेही सांगितले. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ‘मलाही येत नाही, बाबा.’ त्या दिवशी त्याला कामावर जायला उशीर झाला.

वेताळाची अट मोठी विचित्र आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला, तर हाती आलेले प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. विक्रम दर वेळी बोलतो, आणि दर वेळी झाडाकडे परत चालू लागतो. नवख्या मुलांना मी शेवटी हेच सांगतो, की शस्त्र निवडायला घाई करू नका, समोरचा बोलत असेल तर त्याला पुरते बोलू द्या, आणि पुढे जाण्यापूर्वी खेळ जतन करून ठेवा.