उन्हाचे बिऱ्हाड

लेकीच्या बाळंतपणासाठी आमची सौ. जर्मनीला निघाली आणि डिंकाच्या लाडवांचे डबे वाहायला कोणीतरी हवे, म्हणून मीही निघालो. फ्रायबुर्ग हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, 'काळे अरण्य' म्हणतात त्या डोंगरांच्या पायथ्याशी वसले आहे. जुन्या गावातल्या गल्ल्यांतून वाहत्या पाण्याचे अरुंद पाट खेळवले आहेत. चुकून कुणाचा पाय त्यांत पडला, तर त्याचे लग्न फ्रायबुर्गकराशीच होते, असा तिथला समज. माझा पाय दुसऱ्याच दिवशी पडला. "आता काय उपयोग!" एवढेच म्हणून सौ.ने पायमोजा पिळून दिला.

घरी मायलेकींच्या राज्यात मला काम उरले नव्हते. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही जन्मभर घरं बांधलीत. चला, आमच्याकडची काही घरं दाखवतो." पुण्यात तीस वर्षे नकाशे काढलेल्या माणसाला हा मुलगा घर दाखवणार! मनात हसतच मी ट्राममध्ये बसलो.

वोबाँ नावाच्या भागात उतरलो. १९९२ सालापर्यंत इथे फ्रेंच फौजेची छावणी होती. आता झाडीत लपलेली वस्ती आहे. तिच्या शेजारीच लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची लाकडी घरे ओळीने उभी होती. अशी एकूण ५९ घरे. रोल्फ डिश या वास्तुशिल्पकाराने ती अशी रचली आहेत की, वर्षाच्या हिशेबात ती वापरतात त्याहून अधिक ऊर्जा निर्माण करतात. त्याच गृहस्थांनी १९९४ साली जवळच्या टेकडीवर स्वतःचे घर बांधले, ते तर सूर्यफुलासारखे सूर्याबरोबर फिरते!

एका घरातल्या आजीबाई लेकीच्या ओळखीच्या. त्यांनी आत बोलावले. बाहेर जूनचे ऊन चांगलेच तापले होते. आत पाऊल टाकले तो काय, मंदिराच्या गाभाऱ्यासारखा गारवा! पंखा नाही की गार हवेचे यंत्र नाही. "रात्री खिडक्या उघडायच्या, सकाळी मिटायच्या. एवढंच," आजीबाई म्हणाल्या आणि जावयांनी मला ते समजावले.

पण 'एवढंच' नव्हते. मी भिंतीची जाडी पाहिली, खिडकीच्या तिहेरी काचा पाहिल्या. आतली उबदार हवा बाहेर जाता जाता आत येणाऱ्या थंड हवेला आपली ऊब देऊन जाते, अशी हवेची योजना पाहिली. दक्षिणेकडे पुढे आलेले छप्पर पाहिले. तिथे जूनमध्ये दुपारचा सूर्य ६५ अंशांवर चढतो, तेव्हा त्याला ते छप्पर उंबऱ्याबाहेर थोपवते. डिसेंबरात तो जेमतेम १८ अंशांवर असतो, तेव्हा तोच पार स्वयंपाकघरापर्यंत आत येतो. आधी गरजच इतकी कमी करायची, की छपरावरच्या सौर पट्ट्यांना ती भागवून वर शिल्लक टाकता यावी. या संसारात काटकसर आधी आणि कमाई नंतर!

आजीबाईंनी विजेचे आकडेही दाखवले. एक आकडा वापरलेल्या विजेचा, दुसरा छपराने दिलेल्या विजेचा, आणि दुसरा मोठा. हिवाळ्यात मात्र बाहेरून वीज घ्यावी लागते, हेही त्यांनी लपवले नाही. २००० साली जर्मनीत कायदा झाला आणि अशा विजेला २० वर्षे ठरलेला भाव मिळू लागला, त्याचाही या घरांना हातभार लागला. या परिसराला सूर्याचे वेड तसे जुनेच. १९७५ साली जवळच्या व्यील गावी अणुवीजकेंद्र होऊ नये म्हणून द्राक्षमळेवाले शेतकरी जागेवर ठाण मांडून बसले होते. ते केंद्र कधी झालेच नाही.

निघताना आजीबाईंनी सहज विचारले, "तुमच्याकडे तर ऊन भरपूर. मग तुमची घरं किती छान असतील!"

मी नुसता हसलो. परतीच्या ट्राममध्ये मात्र मला अण्णा आठवले.

आमचा पेठेतला वाडा मीच पाडला. हातभर जाड मातीविटांच्या भिंती, मधला चौक, खोल ओसरी. मी त्याला 'जागेची नासाडी' म्हणत असे. तिथे चार मजली इमारत उभी केली आणि वडिलांना, अण्णांना, मानाने वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली दिली. मोठी काचेची खिडकी, वर उघडा स्लॅब. पुण्याचा सूर्य मे-जूनमध्ये थेट डोक्यावर येतो, दुपारनंतर पश्चिमेची भिंत भाजतो. हे मला शाळेपासून ठाऊक होते. नकाशावर पेन्सिल टेकवताना तेवढे आठवले नाही.

अण्णांनी तक्रार केली नाही. दुपारी खुर्ची उचलून ते जिन्याच्या वळणावर नेऊन बसत. तिथेच काय ती सावली. एकदाच म्हणाले, "अरे, वाड्यात ऊन पाहुण्यासारखं यायचं. तुझ्या घरात त्यानं बिऱ्हाडच केलंय." पुढच्या उन्हाळ्यात मी गार हवेचे यंत्र आणले, तेव्हा खोली रिकामी झाली होती.

परत आल्यावर सोसायटीला पटवून गच्चीवर सौर पट्ट्या बसवल्या. बिल उतरले आणि त्यांच्या सावलीने स्लॅबही जरा निवला. पश्चिमेच्या खिडकीवर झाप घातली. उशिरा सुचलेले शहाणपण, दुसरे काय!

आता पुतण्याला नाशिकला घर बांधायचे आहे. मी त्याच्या रिकाम्या जागेवर एक काठी रोवली आणि सकाळपासून तिच्या सावलीच्या खुणा करीत बसलो. संध्याकाळी तो कंटाळून म्हणाला, "काका, नकाशा कधी काढणार?"

"काढतोच आहे," मी म्हणालो आणि आणखी एक खूण केली.