सुरुवातीची दुरुस्ती

आपली चूक मनांतल्या मनांत मान्य करावयास फारसा वेळ लागत नाहीं. वेळ लागतो तो ती चारचौघांत मान्य करावयास. परवां धुळ्याहून जळगांवास जातांना, पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत, आम्ही हाच विचार करीत होतों.

गोष्ट एका मिक्सरची. स्वयंपाकघरांतला नव्हे; रेडिओंतला. खानदेशांतल्या जुन्या घरांत रेडिओचा कांटा ९६३ किलोहर्ट्झवर आला कीं जळगांव आकाशवाणी बोलूं लागे. त्या वेळीं रेडिओच्या पोटांतला ऑसिलेटर १४१८ किलोहर्ट्झची स्वतःची लहर काढीत असे. मिक्सर या दोन लहरींची गांठ घालून देई आणि त्यांच्या वजाबाकींतून ४५५ किलोहर्ट्झची तिसरी लहर निघे. आर्मस्ट्राँगची १९१८ सालची ही युक्ति. स्टेशन कोणतेंही असो, पुढचा सारा रेडिओ या एकाच लहरीची जोपासना करतो.

आमच्या एका विद्यार्थ्यानें असला मिक्सर संगणकावर मांडला. निकाल वेडावांकडा आला. “मंडलच चुकलें आहे, आधीं जोडणी शिका,” असें आम्हीं त्यास भर वर्गांत ऐकविलें. तो कांहीं बोलला नाहीं. रात्रीं आम्हीं घरीं तेंच मंडल उघडलें, तों तें निर्दोष! त्यांतला दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर दहा किलोओहमांच्या रोधांतून भरत होता. अशी जोडी पुरती स्थिरावण्यास अर्धा सेकंद तरी लागतो. तेवढ्यांत ऑसिलेटरचीं सात लक्षांहून अधिक आवर्तनें होतात. आणि आम्हीं निकाल वाचला होता दोन मिलिसेकंदांवर!

मग काय, सात लक्ष आवर्तनें मोजीत बसावयाचें? १९७२ सालीं ॲप्रिल आणि ट्रिक या दोघा संशोधकांनीं निराळाच प्रश्न पुढें मांडला होता. मंडल कोणत्या स्थितींतून सुरू केलें असतां एका आवर्तनानंतर नेमकें त्याच स्थितींत परत येईल? एक आवर्तन चालवावयाचें, शेवट आणि सुरुवात यांतलें अंतर पाहावयाचें, त्यावरून सुरुवात दुरुस्त करावयाची आणि पुन्हां चालवावयाचें. बहुधा थोड्याच फेऱ्यांत दोन्ही टोकें जुळतात. हें सारें एकट्या ऑसिलेटरच्या तालावर. ९६३ ची दुबळी लहर तोंवर बाजूला. ताल पक्का झाला म्हणजे ती हलकेच आंत सोडावयाची आणि ४५५ वर किती बळानें उतरते तें पाहावयाचें. आम्हीं तसें केलें. उत्तर विद्यार्थ्याच्या वहींतल्या हिशेबाशीं जुळलें.

मुलांनाही आम्ही असेंच पहिल्या खळबळींत मोजतों. आणि चूक उमगली तरी काळ सारें स्थिरस्थावर करील म्हणून गप्प बसतों. वाट पाहिल्यानें कपॅसिटर भरतो. दुखावलेलें मन भरून येतेंच असें नाहीं. तेथें सुरुवातच दुरुस्त करावी लागते.

वर्गांत शिरतांच आम्हीं सांगितलें, “मंडल बरोबर होतें. वाचन आमचें चुकलें.” क्षणभर शांतता पसरली. मग तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, मला तेव्हांच तसं वाटलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही.”

दुरुस्तीची पहिली फेरी तेवढी झाली होती. टोकें जुळावयास अजून किती लागतील, हें त्या एका वाक्यानें आम्हांस कळून चुकलें.